ओवाळणीचा लॅपटॉप: जुना संगणक घरात देताना खाती कुणाची आणि चावी कुणाकडे

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी संगणकाचा क्लास चालवतो. एमएस-सीआयटीची मुलं, टॅलीची मुलं आणि अधूनमधून कापडी पिशवीत लॅपटॉप घालून येणारी माणसं, असा आमचा राबता. हे प्रकरण त्यातल्याच एका घराचं आहे. घरच्यांना विचारून लिहितोय. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात चार माणसं. ताई तीन महिला बचत गटांचं दप्तर सांभाळतात. यजमान एसटीत चालक, आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, मुलगा नववीत. ताईंचा धाकटा भाऊ पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मुलांचा मामा म्हणून इथे त्याला मामाच म्हणतो.

मामानं स्वतःला नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना भाचीला द्यायचं ठरवलं. २०१६ साली घेतलेलं मशीन: सहाव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० होम. डिस्कचे दोन भाग पाडलेले, सी छोटा आणि डी मोठा, आपल्याकडे दुकानदार पाडून देतात तसे. बॅटरी तासभर टिकायची, पण बाकी मशीन धडधाकट होतं. बी.कॉम.च्या पोरीला पुढची तीन वर्षं पुरलं असतं.

२०२५ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. मामा आदल्या दिवशी ऑफिसातून सुटला आणि रात्रीच्या गाडीआधी मिळालेल्या दोन तासांत त्यानं लॅपटॉप ‘तयार’ केला. म्हणजे डेस्कटॉपवरच्या फायली उडवल्या, रिसायकल बिन रिकामं केलं, ‘होम’ नावाचं एक साधं खातं उघडलं आणि त्याला १२३४ पासवर्ड दिला. स्वतःचं खातं त्यानं तसंच ठेवलं. या मशीनवर अ‍ॅडमिनचे हक्क, म्हणजे काय बसवायचं आणि कोण आत येईल हे ठरवायची मुभा, तेवढ्या एकाच खात्याला होते आणि ते त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी, म्हणजे त्याच्या ई-मेलशी, जोडलेलं होतं.

त्याचा हेतू चांगला होता. ‘त्यांना काही इन्स्टॉल करायचं झालं, काही बिघडलं, तर माझं खातं असलेलं बरं,’ असं त्याला वाटलं. जुना संगणक नातेवाइकांना देणारी दहातली आठ माणसं हेच करतात, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

अडचण

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. कॉलेजात आठवड्यातून एकदाच मशीन हाताला लागायचं, म्हणून घरी सराव करायचा होता. टॅलीप्राइम शिकण्यापुरतं फुकट चालतं. त्यात व्हाउचरला महिन्यातल्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा घेता येतात, पण सरावाला तेवढ्या पुरतात. तिनं इन्स्टॉलर उघडला आणि पडद्यावर मामाचं नाव आलं, खाली पिनची चौकट. मामा मीटिंगमध्ये होता. तिसऱ्या फोनला त्यानं दबक्या आवाजात चार आकडी पिन सांगितला, तिनं तो वहीच्या कोपऱ्यात लिहिला. टॅली बसलं.

खरी ठेच इथे लागली, फक्त त्या दिवशी ती कुणाला जाणवली नाही. मामाच्या समजुतीनं त्यानं टॅलीपुरती परवानगी दिली होती. प्रत्यक्षात त्या चार आकड्यांनी त्याचं अख्खं खातं उघडत होतं: मेल, वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ऑनलाइन साठा, क्रोम. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बघायचे असले की क्रोम विंडोजचाच पिन विचारतो. म्हणजे बँकेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्याची किल्ली त्या वहीच्या कोपऱ्यात होती.

पुढे तीन गोष्टी घडल्या.

मुलाला एक गेम टाकायची होती आणि सी भागात जागा नव्हती. त्यानं पिन वापरून मामाचं खातं उघडलं. तिथे फोटोंचं मोठं फोल्डर दिसलं. ‘मामाकडे हे असणारच,’ म्हणून त्यानं ते उडवलं. ते फोल्डर वनड्राइव्हशी जुळलेलं होतं. इथे उडालं तसं तिकडे ढगातूनही उडालं आणि मामाच्या नव्या लॅपटॉपवरूनही. मामाच्या ते लक्षात आलं २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, जुना एक फोटो शोधताना. वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये फायली ३० दिवस राहतात. त्यातले बारा-तेरा दिवस गेले होते, म्हणून फोटो परत मिळाले. दसऱ्याऐवजी दिवाळीत लक्षात आलं असतं, तर मिळाले नसते.

दुसरी गोष्ट ताईंची. ‘होम’ हे खातं तिघांचं होतं. बचत गटांची एक हिशेबाची फाइल त्याच खात्यात होती. एके दिवशी उघडली तर एका गटाच्या अंतर्गत कर्जाच्या परतफेडीचा रकाना गायब. उमेद या सरकारी अभियानात गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र अद्ययावत दप्तर हे आहे, आणि ताई त्या बाबतीत फार काटेकोर. रकाना कुणाकडून गेला ते आजही कळलेलं नाही. तिघं एकाच नावानं बसत असल्यावर ते कळायला मार्गच नसतो. वहीवरून त्यांनी दोन रात्री जागून तो पुन्हा भरला. वही होती म्हणून वाचलं.

तिसरी गोष्ट मुलीची, आणि मला सगळ्यात जास्त तीच लागली. तिनं व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर जोडलं होतं, कॉलेजच्या ग्रुपवरच्या नोट्स उतरवायला. ते ‘होम’मध्ये उघडंच राहिलं. भावानं मैत्रिणींशी झालेलं तिचं बोलणं वाचलं आणि जेवताना सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. त्यात वावगं काही नव्हतं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीचं खासगी बोलणं ताटावर आलं. त्या दिवसापासून ती लॅपटॉपला हात लावीना. जिच्यासाठी मशीन आलं होतं, ती पुन्हा कॉलेजच्या आठवड्यातल्या एका तासावर गेली.

दसऱ्यानंतर ताई लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. “सर, ह्यात प्रत्येकाला वेगळं कप्पं करता येतात का? लोखंडी कपाटासारखं?” असं त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत यूजर अकाउंटची इतकी नेमकी मागणी मी ऐकलेली नाही.

तातडीनं केलेलं

मामा भाऊबीजेला येणार होता. त्याच्या माहितीला त्याच्या गैरहजेरीत हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. पण तोवर थांबून चालणार नव्हतं. मामाला फोन करून त्याच्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या. एक, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलणं. दोन, गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीतून हा लॅपटॉप काढणं.

पासवर्ड बदलला की काम झालं, असं त्याला वाटत होतं. पिन त्या मशीनपुरता असतो. ई-मेलचा पासवर्ड बदलला तरी मशीनवरचा जुना पिन चालत राहतो. तेव्हा तो फोनवर असतानाच, त्याच्या समक्ष म्हणावं तसं, मी त्याच्या खात्यात शिरलो, वनड्राइव्हची जोडणी तोडली आणि पिन बदलला. नवा पिन त्यानं सांगितला, मी टाकला आणि दोघांनीही तो दिवाळीपर्यंत वापरायचा नाही असं ठरलं. मुलीनं आपल्या फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपच्या जोडलेल्या उपकरणांत जाऊन लॅपटॉप काढला. त्यासाठी तिला लॅपटॉपला हात लावायची गरज पडली नाही, हे तिला बरं वाटलेलं दिसलं.

समोर असलेले पर्याय

मधल्या दोन आठवड्यांत विचार करायला वेळ मिळाला. त्याच काळात, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद झाली. त्यामुळे प्रश्न नुसत्या खात्यांचा उरला नाही.

विंडोज ११ बाद होतं. त्याला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, हे मशीन सहाव्या पिढीचं. आडवाटेनं बसवता येतं, पण उद्या एखादं अपडेट अडलं तर त्या घरानं कुणाकडे धावायचं? दुसऱ्याच्या घरात जाणाऱ्या मशीनवर मी असले प्रयोग करत नाही.

आहे तेच खातं ठेवून मामानं वेळोवेळी मदत करायची, हा मामाचा स्वतःचा आग्रह होता. फक्त पिन पुन्हा कुणाला सांगायचा नाही, एवढंच. याला मी नाही म्हणालो. मामाच्या सोयीवर मुलीचं टॅली अडून राहणार आणि एक दिवस पुन्हा कुणीतरी घाईत पिन सांगणारच.

मला मनातून हवं होतं ते लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली. जुना संगणक दुसऱ्याला देण्यासाठी त्यात खास सोय आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करताना ओईएम पद्धतीचं, म्हणजे कंपन्या विकायचं मशीन तयार करतात तसं, इन्स्टॉल निवडायचं. मग ‘ओईएम’ नावाचं तात्पुरतं खातं तयार होतं. त्यात बसून अपडेट करा, मराठी टंकलेखनाची सोय करा, लागतील ती सॉफ्टवेअर टाका. सगळं झालं की डेस्कटॉपवरच्या खुणेवर क्लिक करून मशीन बंद करायचं. पुढच्या वेळी ते ज्याच्या हातात सुरू होईल, त्याला भाषा, कीबोर्ड, नाव आणि पासवर्ड विचारतं आणि तात्पुरतं खातं काढून टाकतं. देणाऱ्याचं नाव त्या मशीनवर कुठेच राहत नाही. क्लासमधली दोन जुनी मशीनं मी याच पद्धतीनं एका अभ्यासिकेला दिली होती.

पण टॅली विंडोजवर चालतं आणि मुलीला टॅलीच हवं होतं. लॅपटॉप आला होता तोच मुळी त्यासाठी. मी तिला मिंट दाखवलं. तिनं नीट पाहिलं आणि सरळ सांगितलं, “सर, छान आहे, पण परीक्षेला मला टॅलीच असणारे.” माझ्या आवडीसाठी तिची गरज मागे ढकलायची हा प्रश्नच नव्हता. दोन्ही प्रणाल्या शेजारी शेजारी ठेवता आल्या असत्या, पण चार माणसांच्या घरात सुरुवातीलाच ‘कुठलं उघडू?’ हा गोंधळ नको वाटला.

उरला तो मार्ग असा: विंडोज १०च ठेवायचं, पण मामाचं सगळं मुळापासून पुसून मशीन कोरं करायचं. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट्सची वाढीव मुदत दिली आहे, ती घ्यायची. आणि मिंटकडून शिकलेली एक गोष्ट इथे वापरायची: पहिली खाती आपण उघडायची नाहीत. मशीन पहिल्या पडद्यावर आणून ठेवायचं आणि पुढचं ज्याचं मशीन त्याच्या हातांनी.

अ‍ॅडमिन कोण?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर गेला आणि तो तांत्रिक नव्हताच.

घरात संगणकातलं सगळ्यात जास्त कळतं ते नववीतल्या मुलाला. मामाला वाटत होतं, अ‍ॅडमिनचे हक्क त्याला द्यावेत, “तोच पटकन करून देईल.” असं पुष्कळ घरांत होतं. पण ज्याला पटकन येतं त्याच्याकडे चावी गेली की घरातल्या मोठ्यांना प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे मागावी लागते, आणि त्याला मात्र कुणाचं काहीही उघडता येतं. फोटो उडवणाऱ्या हाताला आणखी मोठी चावी द्यायची, हे मला पटलं नाही. त्यात शिक्षेचा भाग नव्हता. चौदा वर्षांच्या पोरावर ते ओझं टाकू नये, असं वाटलं.

मग मुलगी. ती सज्ञान, सगळ्यात जास्त वापरणारी. ताई म्हणाल्या, “तिलाच द्या सर. मला काय कळतंय त्यातलं?”

मी त्यांना विचारलं, “बँकेत गटाच्या खात्यावर सही कुणाची चालते?”

“माझी आणि अध्यक्षांची.”

“मग गटाच्या पैशाला चालणारी सही कागदावरच्या एका पासवर्डला जड जाईल का?”

त्या जरा थांबल्या, मग हसल्या. अ‍ॅडमिनचं काम रोज संगणक चालवणं नाही. कोण आत येईल, काय बसवायचं आणि काय नाही, एवढं ठरवणं. हे ताई घरात रोज करत होत्याच.

त्यावर मुलीनं एक प्रश्न विचारला, तो फार महत्त्वाचा होता. “म्हणजे आईला माझं सगळं बघता येणार?”

खोटा दिलासा द्यायचा मोह होतो. मी खरं ते सांगितलं. साध्या खात्यातला माणूस दुसऱ्याच्या खात्यातल्या फायली बघू शकत नाही, भावाला तुझं काही दिसणार नाही. पण अ‍ॅडमिननं ठरवलंच तर तो कुठलंही फोल्डर स्वतःच्या ताब्यात घेऊन उघडू शकतो. तेव्हा अगदी खासगी ते फोनवर ठेव, व्हॉट्सअ‍ॅप काम झालं की बंद करत जा. आणि आईला जे विचारायचं ते आत्ता विचार. तिनं विचारलं. ताई म्हणाल्या, “तुझ्या कपाटाची किल्ली पण माझ्याकडं असतीया. उघडते का मी कधी?” मुलीला ते पटलं. माझ्या कुठल्याही सेटिंगपेक्षा ते वाक्य पक्कं होतं.

प्रत्यक्ष केलेलं काम

२३ ऑक्टोबरला भाऊबीज. संध्याकाळी ओवाळणं झाल्यावर मामा लॅपटॉप घेऊन क्लासवर आला. कामाचा क्रम मी आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता.

आधी जपून ठेवायचं ते. ताईंची हिशेबाची फाइल आणि मुलीच्या नोट्स एका पेनड्राइव्हवर. मामाचं काही राहिलंय का, ते त्यानं स्वतः पाहिलं. डी भाग उघडल्यावर तो गप्पच झाला. तिथे त्याच्या फॉर्म १६च्या प्रती, आधार आणि पॅनचे स्कॅन, घराच्या कर्जाची कागदपत्रं असं सगळं होतं. गणपतीत त्यानं फक्त डेस्कटॉप साफ केला होता. हे दोन महिने त्या घरात उघडं पडलं होतं, ‘होम’ खात्यातूनसुद्धा दिसेल असं, कारण वेगळ्या भागातल्या फायलींना खात्याच्या फोल्डरची आड नसते.

मग मामानं स्वतःच्या हातानं क्रोम आणि ऑफिसमधून साइन आउट केलं. डिस्क कुलूपबंद केलेली आहे का, हे तपासलं. नव्हती. असती तर तिची ४८ आकडी सोडवणूक किल्ली मामाच्या ऑनलाइन खात्यात राहिली असती आणि एखाद्या दुरुस्तीनंतर ताईंच्या घरी मशीननं ती मागितली असती. हे आधी बघायचं असतं.

मग रीसेट. ‘सर्व काही काढा’ हा पर्याय घेतला, पण तेवढ्यानं भागत नाही. आतल्या बदलांच्या यादीत दोन गोष्टी बंद असतात, त्या चालू केल्या. एक म्हणजे डिस्क नुसती रिकामी न करता पुसून काढणं. दुसरी, फक्त विंडोजचा भाग न घेता सगळे भाग घेणं. दुसरी राहिली असती तर डी भाग, म्हणजे मामाचे पॅन-आधार, जसेच्या तसे ताईंच्या घरी गेले असते. १ टीबीची फिरती डिस्क पुसायला बराच वेळ घेते. चार्जर लावून रात्री क्लास बंद केला.

सकाळी मशीन पहिल्या पडद्यावर उभं होतं. मी हात लावला नाही. ताईंना फोन केला, “या, तुमचं मशीन तुम्ही सुरू करा.”

इंटरनेट मुद्दाम जोडलं नव्हतं, त्यामुळे साधं स्थानिक खातं उघडता आलं. नाव काय द्यायचं? ताईंनी ‘घर’ सुचवलं. ते रोमन लिपीत टाकायला मी सांगितलं, कारण या नावाचंच फोल्डर यूजर्समध्ये तयार होतं आणि देवनागरी नावाच्या फोल्डरात काही जुनी सॉफ्टवेअर अडखळतात. पडद्यावर दिसणारं नाव पुढे बदलता येतं, फोल्डरचं मात्र तेच राहतं. थेट मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरुवात केली असती तर ई-मेलची पहिली पाच अक्षरं हेच फोल्डरचं नाव झालं असतं.

वाढीव अपडेट्सची नोंदणी करायला मात्र मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि ते अ‍ॅडमिन असावं लागतं. म्हणून ‘घर’ खातं नंतर ताईंच्या नव्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलं, त्यांच्याच मोबाइल नंबरावर. सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला की नोंदणीला पैसे पडत नाहीत. तेवढाच चालू ठेवला. फायली आणि फोटो वनड्राइव्हवर पाठवणं बंद.

त्यानंतर तीन साधी खाती: ताईंचं रोजचं, मुलीचं, मुलाचं. ताईंनासुद्धा रोजच्या कामाला साधंच खातं, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला. “माझंच मशीन आणि मीच साधी?” रोज दुकानात जाताना आपण तिजोरीची किल्ली कमरेला लावून जात नाही, असं म्हटल्यावर पटलं.

एका जागी आम्ही सगळेच अडलो. स्थानिक खात्याला पासवर्ड दिला की विंडोज तीन सुरक्षा प्रश्न विचारतं: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव, असे. परक्यापासून वाचायला ठीक. पण एका घरात कुत्र्याचं नाव कुणाला माहीत नसतं? बहिणीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं भावानं तिथेच हसत हसत सांगितली. शेवटी प्रत्येकानं मनाला येईल ती भलतीच उत्तरं लिहिली. आपापल्या चिठ्ठ्या पाकिटात बंद करून, पाकिटावर सही करून ती ताईंकडे दिली. ‘घर’चा पासवर्डही तसाच. पाकिटं रेशनकार्डाच्या डब्यात गेली.

सगळ्यांना लागणारे फोटो आणि सणाच्या याद्या सार्वजनिक फोल्डरात. हिशेबासाठी लिब्रेऑफिस, मुलीसाठी टॅली. टॅली टाकताना पासवर्ड ताईंनी स्वतः टाकला.

मामाला एवढंच सांगितलं: तुझ्या ऑनलाइन खात्याच्या उपकरणांच्या यादीतून हा लॅपटॉप काढ. मदत करायची असेल तर क्विक असिस्ट, ही विंडोजमधली दुरून मदत करायची सोय, वापर. त्यात दर वेळी तू पाठवलेला सांकेतिक क्रमांक ताईनं टाकल्याशिवाय आणि हो म्हटल्याशिवाय तुला आत येता येत नाही. त्याचा चेहरा जरा पडला. “म्हणजे माझाच लॅपटॉप, आणि मीच दार वाजवायचं,” असं तो म्हणाला. ताई म्हणाल्या, “ओवाळणीत दिलास ना? मग?” त्यावर तो मनापासून हसला आणि तिथेच फोन काढून यादीतून मशीन काढलं.

काय झालं

मुलगी आठवड्याभरात परत लॅपटॉपवर बसायला लागली. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं फळ हेच. डिसेंबरपर्यंत तिनं एका काल्पनिक किराणा दुकानाचे वर्षभराचे व्यवहार टॅलीत भरले होते.

ताईंची फाइल पुन्हा बिघडलेली नाही. मुलानं दोनदा गेमसाठी आईकडे पासवर्ड मागितला. एकदा मिळाला, एकदा नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. नोव्हेंबरात मुलीला कॉलेजनं सांगितलेलं एक सॉफ्टवेअर टाकायचं होतं. ताई पंचायत समितीत बैठकीला, फोन लागेना. संध्याकाळपर्यंत ती थांबली आणि माझ्यावर थोडी चिडली. तिचं चिडणं बरोबर होतं.

आणि यजमान. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा ते घरी होते. म्हणाले, “सर, त्यात माझा कप्पा नाही का?” भविष्य निर्वाह निधीचं पासबुक बघायला ते दर वेळी मुलाला सांगायचे, त्याच्या खात्यात उघडायचे, आणि त्यांचा पासवर्ड मुलाच्या ब्राउझरमध्ये साठवला गेला होता. चार माणसांच्या घरात आम्ही तिघांची खाती उघडली होती आणि चौथ्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ते क्वचित घरी असतात, एवढ्यावर मी धरून चाललो होतो की त्यांना लागणार नाही.

आता करायचं झालं तर

पहिला बदल डिस्कचा. फिरती डिस्क पुसण्यापेक्षा नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवायला हवी होती. मशीन वेगवान झालं असतं आणि जुनी डिस्क मामाच्या हातात गेली असती, तिच्यावर काय राहिलं याची कुणालाच काळजी नको. विंडोजचा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे नव्या डिस्कवर तेच विंडोज इंटरनेट जोडल्यावर आपोआप चालू होतं. मी खर्च वाचवायला गेलो.

दुसरा, अ‍ॅडमिनचा. ताईंकडे चावी ठेवण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. पण एकच चावी ठेवणं चूक होतं. मुलीसाठी तिच्या रोजच्या खात्याखेरीज आणखी एक अ‍ॅडमिन खातं, त्याचं पाकीट त्याच डब्यात, आणि उघडलं तर आईला सांगायचं, असं आधीच करायला हवं होतं. ताईंचा मोबाइल हरवला असता तर त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड परत मिळवणंही अवघड झालं असतं. हे मला सुचायला हवं होतं.

तिसरा, माझा स्वतःचा. दसऱ्यानंतर मामाच्या खात्यात मी शिरलो, तो फोनवर असला तरी. त्या वेळी दुसरा मार्ग सुचला नाही. आता मी लॅपटॉप बंद करून ठेवायला सांगेन आणि मालक येईपर्यंत उघडणार नाही. दोन आठवडे मुलगी तसंही त्याला हात लावत नव्हती.

संक्रांतीच्या संध्याकाळीच यजमानांचं खातं उघडलं. नाव त्यांनी स्वतः टाइप केलं, एका बोटानं, सावकाश. मुलानं वडिलांचा पासवर्ड आपल्या ब्राउझरमधून काढला, आणि तो काढल्याचं त्यांना दाखवलं. मुलीच्या राखीव अ‍ॅडमिन खात्याचंही पाकीट त्याच वेळी झालं. ऑक्टोबर २०२६च्या आत मिंटचा विषय पुन्हा काढायचा आहे. टॅलीचं तेव्हा काय करायचं, ते मुलीनं ठरवायचं. रेशनकार्डाच्या डब्यात सध्या सहा पाकिटं आहेत.